रिकामी खेप

आमच्या आणि भानुदासच्या घरामध्ये दगडांची एक भिंत आहे, कमरेएवढी. ती कुणी ठरवून बांधलेली नाही. भानुदासच्या वडलांची, म्हणजे आप्पांची, बैलगाडी होती. गावातला माल पाथर्डीच्या बाजाराला पोचवायचा आणि येताना दुकानदारांचा माल घेऊन यायचं, हा त्यांचा धंदा. येताना माल मिळाला नाही तर ते माळावर गाडी थांबवायचे, चार दगड गाडीत टाकायचे आणि दारात आणून उतरवायचे. "रिकामी खेप मारू नये," म्हणायचे. "बैलास्नीबी वाटतं, आपुन गेल्तो कशाला."

मी पहिलीत होते तेव्हा भिंत माझ्या गुडघ्याएवढी होती. चौथीत गेले तेव्हा तिच्यावर हनुवटी टेकवता येत होती. त्यानंतर ती फार वाढली नाही, कारण बैल गेले.

भानुदास माझ्या वर्गात होता. त्याच्या चड्डीचे दोन्ही खिसे कायम फुगलेले असायचे. एकात सुतळीचा गुंडा, एक खिळा, पेन्सिलीचे दोनतीन तुकडे. दुसऱ्यात चिंचा नाहीतर भाजलेले हरभरे. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला की सगळे त्याच्याकडे जायचे. तो खिळा काढायचा, भोक पाडायचा, सुतळी ओवायचा आणि उरलेली सुतळी पुन्हा गुंडाळून खिशात ठेवायचा. गुरुजी त्याला म्हणायचे, "भान्या, तुझ्या खिशात दुकान हाय का रं?" तो म्हणायचा, "असू द्या गुरुजी. लागलं मंजी परत घरी कोन जाईल?"

मला चारचौघांत बोलता यायचं नाही. अजूनही येत नाही. गुरुजींनी नाव घेतलं की माझा घसा बंद व्हायचा. उत्तर यायचं, पण तोंडाबाहेर पडायचं नाही. एकदा तपासणीला मोठे साहेब आले. त्यांनी नेमकं मला उभं केलं आणि सतराचा पाढा म्हणायला सांगितला. मी उभी राहिले ती उभीच. पोरं हसायला लागली. तेव्हा भानुदास उठला आणि म्हणाला, "सायेब, तिला येतंय. तिला फकस्त बोलता येत न्हाई. तिला पाटीवर लिहू द्या, मी वाचून दाखवतो." साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते बरं म्हणाले. मी लिहीत गेले आणि भानुदास मोठ्यांदा वाचत गेला. सतरा दाहे एकशेसत्तर म्हणून त्याने पाटी साहेबांना दाखवली आणि खाली बसला. त्याला स्वतःला सतराचा पाढा येत नव्हता.

चौथीनंतरची शाळा तीन मैलांवर होती. घरचे ऊसतोडीला कोपरगावकडे जायचे, मागे धाकट्या भावंडांना सांभाळायला मी. माझी शाळा तिथेच संपली. भानुदास पुढे दहावीपर्यंत गेला. शाळेतून येताना भिंतीवर वाकून तो मला विचारायचा, "विमे, आज काय शिकिवलं सांगू का?" मी मान हलवायचे. मग तो पिशवीतून पुस्तक काढून भिंतीवर ठेवायचा आणि रात्रीपुरतं माझ्याकडे सोडून जायचा. सकाळी परत न्यायचा. वाचायची सवय मला त्या भिंतीवरून लागली.

त्यांच्या घरात बोलणं फार. म्हणजे एकटी नानीच बोलायची. नानी म्हणजे भानुदासची आई. तिला तरुणपणापासून ऐकायला कमी येतं, आणि आपल्याला येत नाही म्हणून दुसऱ्यालाही येत नसेल असं धरून ती ओरडून बोलते. तिने गुपित सांगितलं की अर्ध्या गावाला कळतं. आप्पा तिच्याशी हातांनी बोलायचे. चहा हवा असेल तर बशी धरल्यासारखा हात करायचे. ते चहा बशीतच प्यायचे, आणि तीन बशा. एक तहानेची, एक चवीची, एक नानीच्या समाधानाची, असं म्हणायचे. नानी ओरडायची, "साकर संपली म्हंजे तिघीबी बंद हुतील!" आप्पा हसून चौथ्या बशीचा हात करायचे.

भानुदास मोठा झाला, सुप्याला गेला. आधी कारखान्यात कामाला होता, मग त्याने टेम्पो घेतला आणि कारखान्यांचा माल वाहायला लागला. आप्पांना त्याचा फार अभिमान होता. ते माणसांना सांगायचे, "धंदा तोच हाय, बैल तेवढे बदलले." भानुदासही तसाच राहिला. गावी यायचा तर टेम्पो भरून. कुणाची पत्र्याची पेटी, कुणाचं खत, शाळेच्या फळ्याचा रंग. निघायच्या आदल्या दिवशी तो कागदावर लिहून काढायचा, कुठून काय उचलायचं, कुठे काय टाकायचं. एकाच फेरीत सगळं बसलं पाहिजे. परत जाताना नानी तिच्या परीने टेम्पो भरायची. ज्वारी, वांगी, शेंगा, काहीच नसलं तर चुलीला लागणारी लाकडं. सुप्याला त्याच्या घरी गॅस आहे हे तिला सांगून उपयोग नव्हता. टेम्पोचा मागचा फाळका सैल होता. गाडी रिकामी असली की तो खडखडायचा. आप्पा म्हणायचे, "भरल्याली गाडी बोलत न्हाई. रिकामी लई बडबडती."

माझ्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं तेव्हा मला सासरहून आणायला भानुदासच आला होता. माझा भाऊ तोडीवर होता. भानुदास आला, त्याने कुणाशी भांडण केलं नाही, की कुणाला काही विचारलं नाही. माझी पेटी, दोन हंडे, शिलाई मशीन, अंथरूण, सगळं उचलून टेम्पोत नीट लावलं, दोराने बांधलं. मग घरात जाऊन पुन्हा एकदा कोपरे बघून आला आणि फडताळावर राहिलेला माझा आरसा घेऊन आला.  अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "बरं झालं विमे, एका खेपंत सगळं बसलं. परत तिकडं जायचं काम न्हाई." मी इतके दिवस कोरडी होते, त्या वाक्याला रडले. त्याने गाडीचा वेग कमी केला, तेवढंच.

आता ते लिहिते ज्यासाठी वही काढली.

आमच्याकडे मयताची बातमी त्या घरातलं माणूस सांगत नाही. शेजारी सांगतात. आणि तेही गेले असं सांगत नाहीत. बरं नाही, निघून या, एवढंच सांगतात. ऐकणारा काय ते समजतो. उलटून फोन करून विचारायचं नाही, कारण विचारलं तर सांगणाऱ्याला तो शब्द उच्चारावा लागतो. बैलगाडीच्या काळात माणूस पाठवायचे तेव्हाही असंच होतं, मोबाईल आले तरी असंच आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं.

पौषाचा महिना होता. निम्म्याहून जास्त गाव तोडीला गेलेलं. सकाळी आप्पांना छातीत दुखायला लागलं, घामाने सदरा भिजला. आई आणि मी भिंत ओलांडून धावलो. पलीकडच्या गावचे डॉक्टर मोटारसायकलवर आले. त्यांनी तपासलं, जिभेखाली गोळी दिली, आणि म्हणाले, "लगेच नगरला हलवा. उशीर नको." डॉक्टर म्हणाले, मी तालुक्याहून गाडी बोलावतो. पण आप्पा उठून बसले. "माझ्या पोराची गाडी आस्ताना मी दुसऱ्याच्या गाडीत बसत न्हाई," म्हणाले. "त्याला कळवा. दोनअडीच तासांत यील. त्याला घाई करू नगं म्हनावं." गोळीने त्यांना जरा बरं वाटत होतं. आईने समजावलं, मी हात जोडले. ते ऐकेनात. तालुक्याची गाडी यायलाही दीड तास लागलाच असता, मग भानुदासच बरा, असं शेवटी सगळ्यांनाच वाटलं. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले.

फोन कुणी करायचा? नानीला ऐकू येत नाही. आईला लावता येत नाही. आप्पांचा फोन बंद पडलेला, आणि वीज दुपारी येणार. माझ्या फोनमध्ये भानुदासचा नंबर होता. त्यानेच घालून दिलेला, पण मी त्याला कधी एकदाही फोन केला नव्हता.

मी अंगणात आले. लावला. तो म्हणाला, "कोन, विमल?" माझा घसा बंद झाला, शाळेत व्हायचा तसा. मी म्हणाले, "आप्पांना बरं न्हाई. निघून ये." तो म्हणाला, "बरं." मी फोन ठेवला.

दहा वाजले होते.

आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. आप्पा बसलेत, बोलतायत, गाडी घेऊन थेट ये. मनात नव्हतं असं नाही. पण अजून आहेत, असं कसं म्हणायचं? तसा शब्द तोंडातून काढू नये म्हणतात. आणि खरं सांगायचं तर फोनवर बोलण्याची मला इतकी भीती होती की बोलून झालं, सुटले, असंच त्या वेळी वाटलं.

आम्ही वाट बघत बसलो. आप्पा बाजेवर, उन्हात, भिंतीला पाठ लावून. त्यांनी चहा मागितला. नानीने दिला. तीन बशा प्यायले. साडेअकरा झाले, बारा झाले. बाराला वीज आली, मी त्यांचा फोन चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "कुठवर आलाय इचार गं त्याला." मी त्यांच्याच फोनवरून लावला आणि त्यांच्या कानाला धरला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. आप्पांच्या तोंडावर त्या वाजण्याचं समाधान होतं. म्हणाले, "गाडी चालवीत आसंल. चालिवताना उचलू नगं, मीच सांगितलंय त्याला. ऱ्हाऊ दे. सारखं लावू नगं."

अडीचच्या सुमाराला ते बसल्या जागी एका अंगाला कलले. नानी त्यांना ओरडून हाका मारत होती.

भानुदासचा टेम्पो चारला आला. फाळक्याचा आवाज नव्हता. टेम्पो भरलेला होता. त्याची बहीण शकू नगरजवळ नागापूरला राहते. तिला त्याने घेतलं होतं. तिचा नवरा कामावर होता, त्याला कारखान्याच्या गेटावरून घेतलं होतं. त्यांच्या पोरांना शाळेतून घेतलं होतं. मागे बांबू, मडकं, गुलाल, कापूर, तुळशीच्या माळा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चहासाठी साखर आणि पत्ती, बसायला ताडपत्री. कागदावर लिहून एकेक उचललं असणार. काहीच राहिलं नव्हतं. पाच वार पांढरं कापड हातात घेऊन तो खाली उतरला.

ते कापड बघितल्यावर मला कळलं, मी सकाळी काय केलं ते.

तो आप्पांच्या पायाशी बसला. पायांवर डोकं ठेवलं, मग तळव्यांवर हात फिरवला आणि वर बघितलं. "काकी," तो माझ्या आईला म्हणाला, "अजून ऊब हाय गं."



आई म्हणाली, "उन्हात निजिवलं हुतं बाबा." मग थांबून म्हणाली, "सकाळीच गेले. विमलनं तुला फोन केला ना, त्याच्या आधी."

आईने हे आधी ठरवलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण तिने म्हटलं आणि अंगणातल्या चारपाच म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. व्हय, सकाळीच. लई तरास न्हाई झाला. पोराच्या जिवाला जन्मभराचा घोर नको, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं. मीही मान हलवली. त्या दिवशी मला बोलावं लागलं नाही.

नानीला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. शकू गळ्यात पडल्यावर तिने मोठ्याने रडायला सुरुवात केली. आमच्याकडे बायका रडताना सगळं सांगत रडतात, माणूस काय म्हणाला, काय खाल्लं, कसा गेला. नानी सांगायला लागली, "माज्या धन्यानं वाट बगितली वं... दुपारच्याला तीन बशा च्या पेला वं... पोरगा यील म्हून रस्त्याकडं तोंड करून बसला वं..." आई उठली आणि नानीच्या शेजारी बसून तिच्याहून मोठ्याने रडायला लागली. दुसऱ्या बायकांना कळलं. त्याही ओरडून रडायला लागल्या. इतक्या मोठ्याने रडणं मी आमच्या आळीत कधी ऐकलं नव्हतं. जावई घाबरून शकूला सावरायला धावले. भानुदास कापडाची घडी उलगडत होता. त्याने मान वर केली नाही. मी त्याच्या हातांकडे बघत होते. ते एकदा थांबले, मग पुन्हा उलगडायला लागले.

दहाव्यापर्यंत तो गावात होता. सगळं त्याने नीट केलं. जेवणावळीला एक पत्रावळ कमी पडली नाही. एकदा चुलीपाशी मला म्हणाला, "तू व्हतीस म्हून बरं झालं, विमे. तुजं नाव फोनवर बघितलं तवाच मी समजलो." मी भाकरी थापत होते. भाकरी मोडली.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी शकू आणि तिची माणसं एसटीने गेली. नानीला तो सुप्याला चल म्हणत होता. ती यायला तयार नव्हती. बाज उन्हातून हलवायलाही ती तयार नव्हती. शेवटी तो एकटाच निघाला. निघण्याआधी भिंतीपाशी आला. मी अलीकडे ज्वारी निवडत बसले होते. त्याने खिशातून फोन काढला, बोटाने वर सरकवत गेला आणि भिंतीवर माझ्यापुढे ठेवला. पूर्वी पुस्तक ठेवायचा तसा.

"वाच," म्हणाला.

आप्पा, आप्पा, असं दोनदा होतं. पुढे वेळ होती. बारा वाजून वीस मिनिटं, बारा वाजून बावीस मिनिटं.

"तवा मी नगरात व्हतो," तो म्हणाला. "कापडाच्या दुकानात. मानूस कापड मोजीत व्हता. आप्पांचं नाव दिसलं. मला वाटलं, त्यांच्या फोनवरनं कुनीतरी लावलाय. मेलेल्या मानसाचं नाव, उचलायचं धाडस झालं न्हाई. दोन्ही डाव वाजू दिला." तो भिंतीवरच्या एका दगडाला अंगठ्याने घासत होता. "कुनी लावला व्हता, विमे?"

मी उभी राहिले. आता माझी पाटी वाचून दाखवायला कुणी नव्हतं.

"मी," म्हणाले.

ते खोटं नव्हतं. बटण मीच दाबलं होतं.

"काय सांगायचं व्हतं?"

"सांगायचं न्हाई. इचारायचं हुतं."

"काय?"

"कुठवर आलाय."

 मी कधी कुणाला असं विचारत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? ते शब्द कुणाचे आहेत, हे त्याला आवाजावरून कळलं असणार. त्याने आणखी एक प्रश्न विचारला असता तर मी सगळं सांगितलं असतं. फोन केल्यावर काय बोलले नाही तेही सांगितलं असतं. त्याने विचारला नाही. फोन उचलून खिशात ठेवला. "बरं," म्हणाला. त्या दिवशी सकाळी दहाला फोनवर म्हणाला होता, तसंच.

मग तो गेला. ज्वारीचं पोतं ओट्यावर तसंच होतं. शेंगांची पिशवी नानीने दोरीने बांधून ठेवलेली, तीही तशीच. मी ती उचलून पुढे झाले, पण त्याने मागे बघितलं नाही. टेम्पो वळला तसा फाळका वाजायला लागला. वेशीपर्यंत वाजला, ओढ्यात उतरताना वाजला, पलीकडच्या चढावर वाजला. इतका वेळ एखादी गाडी ऐकू येते, हे मला ठाऊक नव्हतं.

नानी बाजेवर बसली होती. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी जवळ गेले तेव्हा तिने नेहमीसारखं ओरडून विचारलं, "गेला व्हय? काय काय नेलं गं संगं?"

मी पिशवी तिच्याजवळ ठेवली आणि दोन्ही हात उघडून दाखवले.